वाळूजच्या परप्रांतीय कामगारांमध्ये सात दिवसांची सेवा: जावं का, आणि गेलो तर कसं?

शिवणक्लासवाली ताई, परभणी

जय ख्रिस्त. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय माझा प्रश्न कळायचा नाही.

आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, तरुण संघ दिवाळीच्या सुट्टीत सात दिवस छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत सेवेसाठी जाणार आहे. सहा मुली, चार मुलं आणि मी, असे 11 जण. वयानं मीच मोठी, म्हणून पाळकसाहेबांनी जबाबदारी माझ्यावर टाकली. तिकडच्या एका मंडळीनं हॉलमध्ये उतरायची सोय केली आहे. रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, कमळापूर या भागात खोल्या करून राहणारे बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, झारखंड, बंगालचे कामगार आहेत. त्यांना भेटायचं, मुलांना गोळा करून गाणी-गोष्टी घ्यायच्या, सुवार्ता सांगायची, असं ठरलंय. वर्गणी 41,000 रुपये जमली. त्यातले 24,000 ब्लँकेटं आणि एकसारखे टी-शर्ट यांच्यासाठी काढून ठेवलेत. टी-शर्टवर बायबलमधलं वचन छापायचं आहे.

सगळे उत्साहात आहेत. मला मात्र झोप लागेना, आणि त्याचं कारण माझ्या लहानपणात आहे.

मी गंगाखेड तालुक्यातली. आई-बाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जायचे. दसऱ्याच्या सुमाराला मुकादमाची उचल घेतली की ट्रकमध्ये भांडी, कोंबड्या, आजीची गोधडी आणि आम्ही पोरं. उतरलो की पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याचा तळ. तिथं पाचटाच्या कोपीत पाच महिने. भाषा मराठीच, पण तिथल्या पोरांना आमचं बोलणं ऐकून हसू यायचं, आणि दुकानदार आमच्या हातातले पैसे आधी बघायचा, मग वस्तू द्यायचा. गावाकडं आमची मंडळी त्या काळात ओस पडायची. नाताळला देवळात म्हातारी माणसं तेवढी उरायची.

मी आठ वर्षांची असताना एका रविवारी तळावर एक गाडी आली. शहरातल्या कुठल्याशा मंडळीचे दहा-बारा लोक होते. त्यांनी आम्हाला ओळीत बसवलं, एक कृतिगीत शिकवलं, बिस्किटाचा पुडा हातात दिला. पुडा छातीशी धरून फोटो काढला, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. एका दीदीनं मला मांडीवर घेतलं होतं. तिच्या ओढणीचा वास मला आजही आठवतो. जाताना ती म्हणाली, "परत येऊ हं." मी दुसऱ्या दिवशी त्याच दगडावर जाऊन बसले. तिसऱ्या दिवशीही. नंतर आईनं मारून उसाच्या वाढ्याच्या मोळ्या बांधायला नेलं.

त्याच हंगामात तिथल्या गावातली एक म्हातारी बाई दर गुरुवारी यायची. पूर्वीची बायबलबाई, म्हणजे घरोघर जाऊन बायबल सांगणारी मंडळीची सेविका, निवृत्त झालेली. बिस्किटं नाही, काही नाही. पिशवीत पाटी आणि खडू. ती आमच्या कोपीच्या दारात बसायची, आईला म्हणायची, "चहा टाक गं." काळा चहा प्यायची आणि माझ्या मोठ्या बहिणीला अक्षरं शिकवायची. हंगाम संपल्यावर तिनं आमच्या गावच्या पत्त्यावर पोस्टकार्ड पाठवलं. पुढं तीन वर्षं पाठवत होती. बहीण वाचून दाखवायची. ती कार्डं आईनं पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली आहेत.

आता मी त्या गाडीतली दीदी होऊन निघाले आहे, हेच मला टोचतंय.

आणखी एक गोष्ट. परभणीहून मराठवाडा एक्स्प्रेसनं जाताना जालना, बदनापूर सोडलं की करमाड लागतं. 2020 मध्ये टाळेबंदीत, 8 मेच्या पहाटे, तिथं रुळांवर झोपलेल्या मजुरांवरून मालगाडी गेली. 16 जण गेले. जालन्याच्या स्टीलच्या कारखान्यात कामाला होते, गावं मध्य प्रदेशात उमरिया-शहडोलकडं. भुसावळहून घरी जायला गाडी मिळेल म्हणून रूळ धरून चालत निघाले होते. त्यांच्या भाकऱ्या रुळांवर विखुरलेल्या होत्या, तो फोटो आपण सगळ्यांनी पाहिला. जालना हे आपल्या मराठवाड्यातल्या मंडळ्यांचं किती जुनं ठिकाण. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात तिथंच बेथेलची ख्रिस्ती वस्ती उभी केली. एवढी देवळं, एवढी आपली घरं, आणि त्या माणसांना थांबावं असं एक दार शहरात नव्हतं. आमची ही मुलं तेव्हा शाळेत होती. त्या जागेवरून गाडी जाताना त्यांना हे सांगावं असं माझ्या मनात आहे.

तर विचारायचं ते हे. सात दिवसांत खरोखर काही होतं का, की न जाणंच बरं? गेलो तर काय करावं, काय टाळावं? हिंदी आम्हाला येते, पण ती दखनी वळणाची, बिहारी माणसाला कळेल का? आणि पाळकसाहेबांचे एक नातलग अमेरिकेतून येतायत, त्यांना आमच्याबरोबर येऊन वचन सांगायचंय. ते चालेल का?

बजाजनगरचा जुना कामगार

ताई, सलाम. मी 1988 ला हिंगोलीकडून इथं आलो. बजाजचा कारखाना 1985 ला सुरू झालेला, त्याच्या मागं मागं शंभर छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या, त्यातल्या एका प्रेस शॉपमध्ये 29 वर्षं काढली. आता निवृत्त आहे, मंडळीत वडील, म्हणजे कारभार बघणारा ज्येष्ठ, म्हणून सेवा करतो. तुमचं पत्र बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. तीही कोयत्याच्या घरातली. ती लई वेळ काही बोललीच नाही.

या. न येण्याचा विचार करू नका. पण तारखा बदला. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छट, बिहारी लोकांचा सूर्यपूजेचा मोठा सण, असते. ज्याला ज्याला रेल्वेचं तिकीट आणि ठेकेदाराची सुट्टी मिळते तो बिहारी गावाला पळतो. म्हणजे तुम्ही याल तेव्हा निम्म्या खोल्यांना कुलपं. जे राहतात ते इथंच छट करतात. व्रत धरणारी बाई 36 तास पाण्याचा थेंब घेत नाही. त्या दिवसांत कुणाच्या दारात गाणी-गोष्टी घेऊन उभं राहू नका, बरं दिसत नाही. नंतर गेलात तर ठेकुआ, म्हणजे छटचा गोड प्रसाद, देतील. खायचा की नाही हे ज्यानं त्यानं आपल्या विवेकाला विचारावं, पण हात झटकून परत देऊ नका. त्या माऊलीनं दोन दिवस उपाशी राहून केलेला असतो तो.

कधी जायचं हे सगळ्यात महत्त्वाचं. सकाळी 11 ला गेलात तर रात्रपाळीचा माणूस झोपलेला असतो. दहा बाय दहाच्या खोलीत सहा पोरं. तीन कामावर, तीन झोपलेली. एक उठला की त्याच गादीवर दुसरा. तुम्ही डफ वाजवून त्याची झोप मोडली तर तो तुमच्या येशूला कशाला विचारील? पहिली पाळी सुटल्यावर, साडेचार ते सात, ही वेळ धरा. सगळ्यांची सुट्टी रविवारीच असते असंही नाही, कंपनीवर आहे. खोलीमालकाला आधी भेटा, त्याची परवानगी घ्या. तुम्ही निघून गेल्यावर बोलणी भाडेकरूला खावी लागतात.

टी-शर्टचं मनापासून सांगतो, नका शिवू. अकरा जण एका रंगात गल्लीत शिरले की लोक दारं लावून घेतात. प्रभूनं 70 जणांना धाडलं ते दोघं-दोघं करून. लूकचा 10 वा अध्याय मुलांकडून पाठ करून घ्या. थैली घेऊ नका, घरात शिरताना आधी शांती म्हणा, वाढतील ते खा, घरोघर फिरत बसू नका. तुमच्या सात दिवसांची सगळी आखणी त्यात आहे. शंभर खोल्या फिरण्यापेक्षा दोघांनी मिळून दोन खोल्या धरा आणि सातही दिवस तिथंच जा. तुमच्या त्या म्हाताऱ्या बायबलबाईनं तेच केलं होतं ना? "चहा टाक गं" म्हणाली ती. म्हणजे घ्यायला आली.

हिंदीची काळजी सोडा. निम्मी बोलणी हातवाऱ्यानं होतात. मात्र बायकांकडं लक्ष द्या. पुरुष कंपनीत जातो, चार लोकांत बोलतो. नवऱ्याबरोबर आलेली पोरगी दिवसभर त्या पत्र्याखाली एकटी. टँकर आला की हंडा घेऊन बाहेर येते, तेवढीच. तिला मराठी येत नाही, शेजारणीला भोजपुरी येत नाही. तुमच्या सहा मुली तिच्याजवळ नुसत्या बसल्या तरी खूप झालं. आणि तुम्ही शिवणक्लास घेता. एक मशीन आणा की!

सिस्टर, जालना

मी नर्स आहे, 16 वर्षं झाली. एवढंच सांगते: औषधांचं शिबिर भरवू नका. सात दिवसांत गोळ्या वाटून निघून जाल, आठव्या दिवशी ज्याला पुरळ येईल त्यानं कुणाकडं जायचं?

पण एक काम जरूर करा. ज्याला दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे, वजन उतरलंय, संध्याकाळी ताप येतो, त्याला सरकारी दवाखान्यात स्वतः बरोबर घेऊन जा. थुंकीची तपासणी आणि क्षयाचं औषध फुकट आहे. साधारण सहा महिने घ्यावं लागतं. ही मंडळी काय करतात, महिन्या-दोन महिन्यांत बरं वाटलं की सोडतात, किंवा ठेकेदार दुसरीकडं हलवतो, नाहीतर गावाला जातात आणि उपचार तुटतो. त्यांना हे माहीतच नसतं की निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक असला की उपचार दुसऱ्या गावी, दुसऱ्या राज्यातही पुढं चालू ठेवता येतात. पोषणासाठी महिन्याला 500 रुपये खात्यात यायचे, ते नोव्हेंबर 2024 पासून 1,000 झालेत. बँक खातं जोडलेलं नसेल तर मिळत नाहीत. ते जोडून देणं हीसुद्धा सेवाच.

गरोदर बाई दिसली तर आशाताईंशी गाठ घालून द्या. माता-बाल कार्ड आहे का विचारा, बाळाला शेवटची लस कुठं दिली ते बघा. बहुतेक वेळा कार्ड गावी सासूच्या ट्रंकेत असतं.

आणि हात जोडून सांगते, आजाऱ्यासाठी प्रार्थना करा, मीसुद्धा वॉर्डात करते, पण प्रार्थना केली आता गोळी नको, असं तुमच्यातल्या एकाही मुलाच्या तोंडून निघता कामा नये. असं ऐकून गोळ्या सोडलेला माणूस माझ्या हाताखाली गेलाय. 24 वर्षांचा होता.

रांजणगाववाला

नमस्ते दीदी. माझी मराठी लिहायला कच्ची आहे, बायकोनं थोडी सुधारली. मी झारखंडचा, खुंटी जिल्हा. मुंडा आदिवासी आहे. 19 वर्षं झाली इथं.

तुम्ही लिहिलं, झारखंडच्या कामगारांना सुवार्ता सांगायची. दीदी, राग मानू नका. जर्मनीच्या गोस्नर मिशनचे लोक रांचीला 1845 साली आले. माझ्या आजोबाच्या आजोबानं बाप्तिस्मा घेतला. आमच्या गावात मातीचं चर्च आहे, त्याची घंटा दोन कोस ऐकू जाते. आम्ही भेटलो की "यीशु सहाय" म्हणतो. इथं कंपनीत मला सगळे बिहारीच म्हणतात. मी सांगणं सोडून दिलं.

इथं आलो तेव्हा पहिल्याच रविवारी शहरातल्या एका मराठी चर्चमध्ये गेलो. मोठं, सुंदर होतं. मागच्या बाकावर बसलो. भाषा कळत नव्हती पण प्रभूची प्रार्थना कधी सुरू झाली ते चालीवरून कळलं, मी माझ्या भाषेत म्हटली आणि रडलो. दोन वर्षं जात होतो. कुणी वाईट वागलं नाही. पण दोन वर्षांत कुणी नाव विचारलं नाही. मग बंद केलं.

आता रविवारी संध्याकाळी माझ्या खोलीत 14-15 जण जमतो. मुंडा, उरांव, खडिया, आणि ओडिशाचे दोघं. सादरीत, आमच्याकडच्या बोलीत, गातो. मांदर, आमचा ढोल, आहे, पण हळू वाजवतो, घरमालकाच्या आईला बरं नसतं. पाळक नाही. प्रभुभोजन शेवटचं कधी घेतलं? जो गावी जातो तो घेतो.

तुम्ही या. पण आमच्यापुढं उभं राहून शिकवायला नको, आमच्यात खाली बसायला या. तुमचं एक मराठी भजन आम्हाला शिकवा, आमचं एक शिका. आणि दीदी, ब्लँकेट नको. पाळकसाहेबांना घेऊन या, एक रविवार भाकर आणि द्राक्षरस घेऊन. बस. 25 डिसेंबरला तुमच्यातल्या कुणाच्या घरी आम्हाला जेवायला बोलावलं तर माझी मुलं फार खूश होतील. त्यांना इथला नाताळ माहीतच नाही, कंपनीच्या गेटवर दिसतो तेवढाच.

खंडपीठाजवळचा वकील

मी वारकरी घरातला, तुमच्या धर्माचा नाही. शोधताना हा धागा सापडला आणि थांबलो. ताईंच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही म्हणून लिहितो.

अमेरिकेच्या पाहुण्यांना पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार करता येत नाही. त्यासाठी मिशनरी व्हिसा वेगळा असतो. त्यांनी येऊन उपासनेत बसावं, पण वस्तीत जाऊन वचन सांगू नये. कुणी तक्रार केली तर त्यांना परत जावं लागेल, आणि त्रास तुम्हाला उतरवून घेणाऱ्या मंडळीला होईल. त्यांच्याकडून परदेशी देणगीही हातोहात घेऊ नका, त्याचा कायदा वेगळा आहे.

तुमचं स्वतःचं म्हणाल तर घटनेच्या 25 व्या कलमानं धर्म पाळण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिलेला आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं, दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क त्यात येत नाही. निघण्याआधी सध्या लागू असलेले नियम स्थानिक वकिलाकडून एकदा समजून घ्या. आणि वस्तू देणं नि प्रार्थना घेणं एका दिवशी, एका जागी, एका हातानं करू नका. तुमच्या मनात काही नसलं तरी बघणाऱ्याला ते आमिष दिसतं, आणि घेणाऱ्या गरिबालाही वाटतं की ब्लँकेटच्या बदल्यात काहीतरी म्हणावं लागणार. तुम्ही बिस्किटाच्या पुड्याचं लिहिलंत, त्यावरून तुम्हाला हे माझ्याहून जास्त कळतं.

लहान मुलांना आईबापाच्या संमतीशिवाय जमवू नका आणि फोटो काढू नका. त्याऐवजी शाळेचं बघा. दाखला नाही, आधारवर नाव चुकलंय म्हणून मुलं घरी बसलेली असतात. शिक्षण हक्क कायद्यानं कागद नाहीत म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि वयाला योग्य त्या वर्गात बसवावं लागतं. जिल्हा परिषदेच्या मुख्याध्यापकांकडं आईबरोबर कुणी मराठी बोलणारं माणूस गेलं की बहुतेक वेळा काम होतं. रेशनकार्ड गावचं असलं तरी इथल्या दुकानात धान्य मिळतं, अंगठा जुळला पाहिजे. हेही कित्येकांना ठाऊक नसतं.

शिवणक्लासवाली ताई, परभणी

काल रात्री तरुण संघाची बैठक घेतली आणि तुमची सगळ्यांची उत्तरं वाचून दाखवली. दोन-तीन मुलं नाराज झाली. टी-शर्टचं डिझाइन एकानं रात्र जागून केलं होतं. पण रांजणगावच्या दादांचं वाचताना सगळे गप्प झाले. पाळकसाहेब खाली मान घालून बसले होते. ते म्हणाले, "आपल्या मागच्या बाकावर कोण बसतं, सांगा बरं." आणि कुणाला सांगता येईना. परभणीच्या बांधकामांवरचे तेलुगू लोक येतात आमच्याकडं, चार-पाच जण. मलाही त्यातल्या एकाचंही नाव माहीत नाही. या रविवारी विचारणार आहे.

तारखा बदलल्या. छटनंतर, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येतो. कॉलेज असल्यामुळं तिघं गळाले, आठ जण आहोत. पाळकसाहेब रविवारी पहाटेच्या गाडीनं येतील, प्रभुभोजनाचं सामान घेऊन. तिकडच्या मंडळीच्या पाळकांशीही ते आज फोनवर बोलले. पुढं महिन्यातून एकदा त्यांनी जावं, असं विचारलंय. अजून हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. पाहुण्यांना कळवलं, ते परभणीतच थांबतील.

24,000 पैकी एक पायाची मशीन घेतोय, वापरलेली, चांगल्या स्थितीतली. काका, ती आम्ही निघताना तुमच्या मिसेसच्या ताब्यात द्यायची का? त्या आठवड्यातून एक दुपार बसल्या तर बायकांना यायला एक जागा होईल. मी दोन महिन्यांतून एकदा येईन, हे मी मुलांसमोर बोलले आहे. बाकीचे पैसे सध्या तसेच ठेवतोय.

सिस्टर, तुमचं क्षयाचं सगळं मुलींना वहीत उतरवून घ्यायला सांगितलंय. त्यातली एक बारावी सायन्सला आहे, तिला तुमच्याशी बोलायचंय. वकीलसाहेब, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. आई म्हणाली, त्यांना सांग परभणीला आले की जेवायला या.

आणि रांजणगावच्या दादा, यीशु सहाय. तुमचं कुठलं गाणं शिकून येऊ ते सांगा. शब्द लिहून पाठवलेत तर मुलं आतापासून बसवतील, पण चाल कळायला हवी, फोनवर गुणगुणून पाठवा. मांदर नसला तरी आमच्याकडं ढोलकी आहे. मुलं किती आहेत तुमची, नावं काय? नाताळला परभणीला माझ्याच घरी या. आई पुरणपोळी करते त्या दिवशी.